अप्पासरांनी निवडलेला दगड

निहारचे केस कपाळावर आलेले मी व्हिडिओ कॉलवर पाहिले आणि विचारलं, कापले का नाहीस? तेव्हा कळलं की डंडीला तुमच्या रस्त्यावर जो तुर्की न्हावी आहे, त्याच्याकडे आता आपल्या लोकांपैकी कोणी जात नाही. भारतीय पालकांच्या ग्रुपवर तसं ठरलं आहे. निहार म्हणाला, "आजी, तो मला दर वेळी गोड काहीतरी देतो. त्यानं काय केलंय? मी जाऊ की नको?" त्याची बहीण इरा मागून म्हणाली, "ठरलंय म्हणजे ठरलंय." मी म्हटलं, विचार करून सांगते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मला भालकीला जावं लागलं. तुमची आई लहान होती तेव्हा मी तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवत होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिथे जे पाहिलं ते क्रमानं लिहिते. निहारच्या प्रश्नाचं उत्तर त्यात सापडलं तर घ्या. मला सापडलं असं मी म्हणणार नाही.

उदगीरहून पुढे

लातूरहून सकाळची गाडी धरली की उदगीरला चहा घेऊन दुपारपर्यंत भालकीत पोचता येतं. उदगीर मागे पडलं की पाट्यांवरची लिपी बदलते, माणसं बदलत नाहीत. माझ्या शेजारची बाई कंडक्टरशी कानडीत भांडली, लेकराला मराठीत रागावली आणि फोनवर कुणाशी तरी दखनीत हसली. तुम्हाला तिकडे तीन भाषा आल्या तर शाळेत कौतुक होतं. इथे ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

शेतात जाऊन पूजा करायची ती वेळ अमावस्या तोंडावर आली होती. तूर वाळून तांबूस झाली होती, ज्वारी पोटऱ्यात होती, आणि रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या इतक्या हळू चालल्या होत्या की आमची गाडी त्यांच्यामागे एखाद्या मयतीला निघाल्यासारखी चालली. भालकी जवळ आली की साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास येतो. पूर्वी तो वास आला की मला घरी आल्यासारखं वाटायचं. या वेळी वाटलं नाही, कारण बसस्टँडवर अप्पासर नव्हते.

अप्पासर आमच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांचं खरं नाव शिवलिंगप्पा, पण अख्खं गाव अप्पासर म्हणायचं. तुम्ही राहता त्या स्कॉटलंडचं त्यांना विलक्षण वेड होतं. तिथे ते कधी गेले नाहीत. लहानपणी त्यांना न्यूमोनिया झाला होता; कलबुर्गीच्या दवाखान्यात पेनिसिलीनची इंजेक्शनं देऊन वाचवलं. पुढे पुस्तकात त्यांनी वाचलं की ते औषध एका स्कॉटिश शेतकऱ्याच्या मुलानं शोधलं. तेव्हापासून तो देश त्यांना घरच्यासारखा झाला. वर्गात म्हणायचे, "ना ऊस, ना तूर. नुसता पाऊस आन दगड. तरी त्या मुलखातल्या मानसांनी जगाला काय काय दिलं बघा." मग मुलांना खेळ लावायचे: सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत स्कॉटिश माणसाचा हात लागला नाही असा एक तास काढून दाखवा. मुलं हरायची. रस्ता निघायचा, चाकातली हवा निघायची, टेलिफोन निघायचा, पुढे टीव्ही आला तर तोही तिथलाच निघाला.

निहार, शाळेसाठी केलेला स्कॉटिश शोधांचा तुझा तक्ता तू मला फोनवर दाखवलास तेव्हा मी गप्प झाले होते ना, ते यामुळे. अप्पासरांना तो दाखवायला हवा होता. गेल्या वर्षी वेळ अमावस्येच्या आदल्या दिवशी ते गेले. मी त्यांच्या पहिल्या पुण्यस्मरणाला निघाले होते.

भालकीचा बाजार

रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून बाजारात फळं घ्यायला थांबले. एक म्हातारे बागवान गाड्यामागे बसून सफरचंदांवरची छोटी चिकटपट्टी नखानं काढत होते. अगदी मन लावून, लहान मुलाच्या पायातला काटा काढावा तशी.

"काय करायलाव चाचा?" मी विचारलं.

"बायकाट करायलोय," ते म्हणाले. "तुर्कीचा माल कोनी घेईना झालंय. पट्टी काढली की सेबाला गाव न्हाई ऱ्हात."

"मग हा बहिष्कार कसा?"

"नवा माल आननार न्हाई ना. हाय ते खपवायलोय. सडवून कुनाचा फायदा, बाई?"

मी केळी घेतली. केळी इथलीच होती. पिशवी देताना चाचा म्हणाले, "केळाला काय, पट्टीच न्हाई. सुखी जात हाय." आणि पुन्हा नख चालवू लागले.

महादेवीअक्कांचं घर

अप्पासरांच्या पत्नी महादेवीअक्का माझ्याहून थोड्या मोठ्या. भालकीत असताना आम्ही शेजारी होतो, एकमेकींच्या चुलीवरचं खाल्लेल्या. आता त्या मुलाकडे, बसवराजकडे राहतात. खाली त्याचं फरशी-संगमरवराचं दुकान, वर घर. बसू त्यांना अव्वा म्हणतो, आणि तो माझाच विद्यार्थी. इंग्रजीत कच्चा, पण शाळेच्या स्नेहसंमेलनात मांडव घालायला पहिला.

अक्कांनी मला पाहून पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "बरं झालं आलीस, मालती. माझ्या घरात भांडन लागलंय आन माझ्या बाजूनं कोनी न्हाई."

भांडण कशाचं, ते समजायला तुम्हाला त्यांच्याकडची एक रीत सांगायला हवी. आपण दहन करतो. अक्कांचं घर बसवण्णांना मानणारं. त्यांच्यात माणूस गेलं की त्याला बसवून, डाव्या हातात लिंग देऊन मातीत ठेवतात. बहुतेकांची जागा स्वतःच्या शेतातच असते. वर्षभरात माती खाली बसते, मग पहिल्या पुण्यस्मरणाला वर दगड ठेवायचा. आणि अक्कांच्या घरचा नेम असा की एकदा ठेवलेला दगड पुन्हा हलवायचा नाही. घरात जितक्या पिढ्या माहीत आहेत तितक्यांचे दगड त्यांच्या मंठाळ गावच्या शेतात ठेवले तसे आहेत.

अप्पासरांनी आपला दगड स्वतः निवडला होता. शेवटच्या उन्हाळ्यात ते घामाघूम होऊन दुकानात उतरले, चपला काढल्या आणि एकेका दगडाला तळहात लावत फिरले. एका दुधी पांढऱ्या दगडापाशी थांबले. त्यात एक करडी रेघ होती, वळणावळणाची. म्हणाले, "ही आपली मांजरा. बघ, हितं कशी वळायली. आन दगड थंड हाय. मला लई उकडतंय, बसू. ह्यो टाक माझ्यावर." दुकानात सगळे हसले. बसूनं तो दगड त्या दिवशीच बाजूला काढून ठेवला.

दगड तुर्कस्तानचा होता. तेव्हा त्याचं कुणाला काही नव्हतं.

मग आपली लढाई झाली, आणि समोरच्याला त्या देशानं हत्यारं दिली अशा बातम्या आल्या. गावोगाव व्यापाऱ्यांनी ठराव केले. भालकीत पुढाकार बसूनं घेतला. तुर्की संगमरवराची लादी त्यानं चौकात नेऊन घणानं फोडली. ते चित्रण उदगीरपासून हुमनाबादपर्यंत फोनाफोनांवर फिरलं. त्यात तो छान दिसतो, अक्कांनीच मला दाखवलं. बाकीचा तुर्की माल त्यानं परत पाठवला. फक्त एक दगड गोदामात ताडपत्रीखाली राहिला.

"आन आता म्हनतोय, अप्पाला शहाबादी टाकू," अक्का म्हणाल्या.

संध्याकाळी जेवणं झाली. कडक भाकरी, वांग्याचं एण्णेगायी, शेंगदाण्याची हिंडी, म्हणजे कोरडी चटणी. आपल्या लातूरच्या जेवणाचंच हे सख्खं भावंड, तेलाला जरा उदार. बसूबरोबर संतोष होता, बाजारातला हार्डवेअरवाला, अप्पासरांच्या शेवटच्या वर्गांतला विद्यार्थी. वातावरण सैल व्हावं म्हणून मी निहारच्या तक्त्याचं सांगितलं. रस्ता, चाक, फोन, टीव्ही, शस्त्रक्रियेआधीची गुंगी, सगळं मोजून दाखवलं. सगळे हसले, अप्पासरांचा खेळ सगळ्यांना पाठ होता. अक्काही जराशा हसल्या.

मग संतोष म्हणाला, "एक इचारू का, बाई? ते स्कॉटवाले बी गोऱ्यांच्या फौजेत होतेच की. आपल्यावर राज्य केलं, लुटलं. मग त्यांच्यावर बहिष्कार कामून न्हाई? तुमची नातवंडं तर तिथंच हायेत."

"आपल्यावर निजाम होता रे," बसू म्हणाला. "गोरे पलीकडं होते. इतिहासात बी नापासच होतास काय?"

"निजामाच्या डोक्यावर कोन होतं मग?"

मी म्हटलं, संतोषचं चुकत नाही. अप्पासरही वर्गात सांगायचे, ज्या जहाजातून औषध आलं त्याच जहाजातून तोफा आल्या. तुमच्या डंडीत तागाच्या गिरण्या होत्या, त्यांचा ताग बंगालचा, आणि पैका कुठे राहिला ते तिथल्या दगडी हवेल्या पाहून कळतं. निहारच्या तक्त्यात ते नाही. शाळेच्या तक्त्यात ते कधीच नसतं.

"ते जुनं झालं," बसू म्हणाला. "हे आत्ताचं हाय."

अक्का भांडी आवरत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "किती वर्सांनी जुनं व्हतंय ते सांग, बसू. मी थांबते. तोवर तुझ्या बापाला उघडा ठिवते."

संतोष पाणी प्यायला आणि चप्पल शोधू लागला.

कलबुर्गीच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी बसू शहाबादकडे दगड आणायला निघाला. फोन केला असता तर दगड दारात आला असता. पण तो म्हणाला, "बापाचा दगड फोनवर मागवायचा न्हाई." अक्का आल्या नाहीत. मला म्हणाल्या, "तू जा. निदान फुटका तरी आनू देऊ नको." म्हणून मी या वयात छोट्या टेम्पोत पुढच्या सीटवर बसून कलबुर्गी जिल्ह्यात गेले. तुमच्या आईला हे अजून सांगितलेलं नाही.

हुमनाबादच्या पुढे टायर बसलं. सोबत जॅक होता, पण त्याचा दांडा नव्हता. तो भालकीत घरीच राहिला होता, असं बसू म्हणाला. रस्त्याकडेच्या टपरीवर चहा घेत आम्ही पंक्चरवाल्याची वाट पाहिली. मला तुझा तक्ता आठवला, निहार. आपल्या मुलाची तीनचाकी खडखडू नये म्हणून जनावरांच्या एका डॉक्टरनं चाकात हवा भरली, आणि आता भालकीच्या एका मुलाची गाडी बापाच्या दगडासाठी तीच हवा गेली म्हणून थांबली होती. वारा सुटला होता, कोरडा. दोन्ही बाजूंना तुरीच्या शेंगा खुळखुळत होत्या. बाकी आवाज नव्हता.

"तुमी मला चूक म्हनायलाव, व्हय बाई?" बसूनं कपाकडे बघत विचारलं.

मी म्हटलं, मला माहीत नाही.

"आमच्या ताईचा पोरगा फौजेत हाय. त्या दिवसांत त्याचा फोन लागंना. अव्वा देवापुढं बसलेली, मी टीव्हीपुढं. टीव्हीवाले सांगायलेत, जी ड्रोनं यायलीत ती तिथलीच. खाली दुकानात त्यांचाच दगड चमकायलाय, आन मी लोकांना त्याची तारीफ सांगायलोय. काय करायला पायजे होतं मी?"

"बोलला का शेवटी तो?"

"बोलला. नीट हाय. पन तोवर मी फोडून आलतो." त्यानं कप खाली ठेवला. "फोडला तवा बरं वाटलं, बाई. खोटं कशाला बोलू. लई बरं वाटलं. आता अप्पाला तोच दगड टाकला तर लोक म्हनतील, ह्याचा बायकाट दुसऱ्याच्या घरापुरता. संतोषला ठाव हाय दगड कुठला ते. गावाला ठाव हाय."

"आणि अप्पासरांनी निवडलाय त्याचं?"

"अप्पा असते तर म्हनले असते, दगड हाय, दगडाला काय कळतंय. कुनीकडून बी तेच म्हनले असते. त्येचा उपेग न्हाई मला."

पंक्चरवाला आला, काम करून गेला. मग आम्ही शहाबादकडे निघालो.

शहाबादी फरशी तुम्ही पाहिली आहे. लातूरच्या घरात तुम्ही रांगलात ती तीच. खाणीत ती जमिनीत थरावर थर असते, वहीची पानं असावीत तशी. करडी, कुठे निळसर. बसूनं बराच वेळ घेऊन एक दगड निवडला. कडा तपासल्या, नखानं वाजवून पाहिला. मग तळहात ठेवला आणि म्हणाला, "ह्यो बी थंडच हाय, बाई. हात लावून बघा."

मी हात लावला. थंड होता. डिसेंबरचे दिवस होते, खाणीतले सगळेच दगड थंड होते.

परतताना कलबुर्गीत थांबून आम्ही जेवायला बसलो. बसूचा फोन वाजला. त्याची ताई होती. फौजेतला मुलगा पुण्यस्मरणासाठी रजेवर यायचा होता, रजा रद्द झाली होती. का, ते त्याला सांगता येत नव्हतं. बसूनं फोन ठेवला, ताटातली भाकरी पालथी घातली आणि म्हणाला, "अव्वाला हे तुमी सांगा."

मी सांगितलं. अक्का ज्वारीचं पीठ चाळत होत्या. चाळणी थांबली नाही. पीठ संपल्यावर त्यांनी हात झटकले आणि म्हणाल्या, "पोरगं तिथं हाय. आन हे लोक त्याचं नाव घेऊन बायकाट मागायलेत. आता मी कसं न्हाई म्हनू, मालती? करडा तर करडा. ठिवा."

मंठाळ

मंठाळ बसवकल्याणच्या पलीकडे आहे. शेताच्या बांधावर लिंबाचं झाड, त्याखाली अप्पासरांच्या वडिलांचा दगड, आजोबांचा दगड, आणि शेवटी एक मातीचा उंचवटा. वर्षात त्यावर दूर्वा उगवली होती. पलीकडच्या शेतात दुसऱ्या दिवशीच्या वेळ अमावस्येची तयारी चालली होती. कडब्याची खोप उभी राहत होती, आणि दोन बाया शेतातलेच पाच दगड उचलून त्यांना चुना फासत होत्या. उद्या त्यांचीच पूजा व्हायची. हे दगड कुठले, असं त्या बायांना विचारावं असं मला उगाच वाटलं.

स्वामी आले. विभूती, बेल, धूप. मग बसू, संतोष आणि गावातल्या चौघांनी शहाबादी दगड उचलला. अक्का पायाशी बसल्या होत्या. दगड खाली येताना संतोषनं एका हातानं फोन वर धरला.

"फोन ठिव," अक्का म्हणाल्या. "दोनी हात लाव. तुझा मास्तर हाय तो."

त्यानं फोन खिशात टाकला आणि दोन्ही हात लावले. दगड बसला. करडा, साधा, नीट चौकोनी. वाईट अजिबात दिसत नव्हता. मला वाटतं, म्हणूनच जास्त वाईट वाटलं. तो वाईट असता तर निदान कुणीतरी काही बोललं असतं.

नंतर शेतातच पंगत बसली. गव्हाची हुग्गी, म्हणजे आपली गव्हाची खीर, फक्त जरा घट्ट. अप्पासरांचे जुने विद्यार्थी बरेच आले होते. कुणी ट्रॅक्टरवर, कुणी बंगळुरूहून रात्रीच्या गाडीनं. एकेकानं आठवण सांगितली. सगळ्यांच्या आठवणीत स्कॉटलंड होतंच. एक पोस्टातला माणूस म्हणाला, "चिकटायचं तिकीट बी त्यांच्यातल्याच एकानं काढलं, असं सर म्हनायचे. मी ते साहेबाला सांगितलं तर साहेब म्हनला, आधी टपाल वाट." लोक हसले. त्या दिवशी लोक हसले ते तेवढंच.

हात धुताना संतोषनं हळूच विषय काढला. "अव्वा, तो पांढरा दगड अजून गोदामातच हाय म्हनं. चौकात आनला असता तर... इतका चांगला प्रसंग झाला, लोकांना कळलं असतं."

बसू काही बोलायच्या आत अक्का म्हणाल्या, "तो फोडायचा न्हाई. तो माझा हाय. मी गेले की माझ्यावर टाका. मला कुठं आजच जायचंय? तोवर तुमचं मिटलं असंल."

"आन न्हाई मिटलं तर?"

"न्हाई मिटलं तर मी तुर्की म्हनून पडते, बाबा. तू माझ्या श्राद्धाला येऊ नको."

संतोष हसला आणि मान खाली घालून पाया पडला. त्याचा मला राग येईना. त्यानं मघाशी दगड दोन्ही हातांनी धरला होता.

निघायच्या दिवशी बसूनं मला गोदामात नेलं. ताडपत्री काढली. दगड मी पहिल्यांदाच पाहत होते. दुधी पांढरा, आणि त्यात खरंच नदी. अप्पासरांनी मांजरा म्हटलं ते उगाच नव्हतं. बसूनं दगडाच्या कडेवरचं नाव-गावाचं लेबल पात्यानं खरवडून काढलं होतं.

"आता ह्याला कोनी वळखनार न्हाई," तो म्हणाला. "ताडपत्रीखाली ठिवला की लोक इचारतात काय झाकलंय. उघडा मालात उभा केला की कोन बघायलंय? अव्वाचा हाय, सांभाळतो."

त्यानं तो दगड इतर पांढऱ्या दगडांच्या रांगेत, मागे, भिंतीला टेकवून उभा केला.

लातूर, परत आल्यावर

मी रीतीप्रमाणे सगळ्यांना पोचल्याचं कळवलं, बसूला जॅकचा दांडा गाडीतच ठेव म्हणून सांगितलं. थंडी सरता सरता अक्कांचा फोन आला की नातू रजेवर येऊन गेला, आजोबांच्या दगडापाशी बसला, करडा का पांढरा हे त्यानं विचारलंसुद्धा नाही. भालकीच्या बाजारात तुर्की संगमरवर पुन्हा दिसू लागला आहे, असंही त्या म्हणाल्या. आता त्याला इटलीचा म्हणतात. ठराव कधी उठला ते कुणाला माहीत नाही. चौकात येऊन कुणी सांगितलं नाही. बसूनं विचारलं म्हणे, "अव्वा, अप्पाचा बदलू का?" अक्का म्हणाल्या, "ठिवलेला दगड हलवत न्हाईत, तुला ठाव हाय."

परवा पुन्हा फोन आला. अक्कांचा आवाज नेहमीसारखाच होता, म्हणून मला आधी काही कळलं नाही.

बसू मालासाठी राजस्थानला गेला होता. दुकानात नवा माणूस. कलबुर्गीच्या कुणाच्या तरी बंगल्याच्या जिन्यासाठी पांढऱ्या पायऱ्या हव्या होत्या, माल कमी पडत होता. त्या माणसानं रांगेतला मागचा दगड ओढला. लेबल नव्हतं, म्हणजे पडून राहिलेला जुना माल, असं त्याला वाटलं. मापानं कापला आणि पाठवून दिला. बसू आला तेव्हा यंत्राखाली उरलेले तुकडे पडले होते. त्यातल्या एका तुकड्यावर करडी रेघ होती, वळणापाशी तुटलेली. त्यावरून त्याला कळलं.

"येऊन माझ्या पायाशी बसला," अक्का म्हणाल्या. "ल्हानपनी परीक्षेत नापास झाला की बसायचा तसा. तो तुकडा माझ्या मांडीवर ठिवला."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हननार? म्हटलं, ऱ्हाऊ दे. तुझ्या बापाला उकडायचं. मला तसं उकडत न्हाई."

तो तुकडा त्यांनी पाण्याच्या माठाखाली ठेवला आहे. माठ हलत नाही आता, असं त्या म्हणाल्या. मग नातवंडांची चौकशी केली, तुम्हा दोघांचीही, नावानं.

निहार, कालच्या कॉलवर तुझे केस डोळ्यांत जात होते. मी तुला जा म्हणत नाही, जाऊ नको असंही म्हणत नाही. तुमच्या ग्रुपचं जे ठरलंय ते ठरलंय, हे इराचं म्हणणंही मी ऐकलं. पण शाळेतून येताना त्या रस्त्यानं एकदा जा, आणि त्या न्हाव्याचं दुकान अजून उघडं आहे का, तेवढं बघून मला कळव.